झडतीची दुसरी ओळ

नातीनं कागदांची चळत माझ्या खाटेवर टाकली आणि म्हणाली, “पाहा आबाजी, मॅडमनं काय करून ठेवलं ते.”

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. अक्षराला अक्षर लावत वाचतो, पण माझं मी वाचतो. कोणाकडून वाचून घेत नाही. कागद छापलेले होते आणि समासात लाल शाईनं जागोजागी एकच लिहिलं होतं. कोण म्हणतं? त्याच्या खाली, कशावरून? पान उलटलं तरी तेच. कपाशीच्या पऱ्हाटीत तण निघावं तसं ते सगळीकडे निघालं होतं.

“कोन म्हणते म्हंजे?” मी म्हणालो. “आपन म्हनतो. अजून कोन पाह्यजे त्या बाईले?”

“तेच तं. आपण म्हणतो, हे तिथं चालत नाही.”

नात यवतमाळला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. होस्टेलवर राहते, शनिवारी एसटीनं घरी येते. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प लिहावा लागतो. तो मॅडमला पटला तरच पुढचं. तिनं विषय घेतला होता पोळ्याच्या झडत्यांचा. कापूस आमच्या हातून जात होता त्या वर्षांत आमच्या भागातल्या आखरांवर काय काय म्हटलं गेलं, हे तिला लिहायचं होतं.

झडती म्हणजे काय हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. पण वाचणारा बाहेरचा असेल तर सांगतो. पोळ्याच्या दिवशी गावाबाहेर आखरावर, म्हणजे गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखाली बैलजोड्या रांगेनं उभ्या करतात. तोरण तुटायच्या आधी एकेक जण पुढं येतो आणि दोन-चार ओळी ओरडून म्हणतो. यमक जुळलं पाहिजे आणि कोणाला तरी ते लागलं पाहिजे, मग तो सरपंच असो, व्यापारी असो नाहीतर स्वतःचा सासरा. शेवटी सगळे मिळून हर हर महादेव. डफडं वाजतं, पुढचा येतो. ती झडती कोणी बांधली हे कोणी विचारत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याची. मामाच्या गावाहून ऐकून आणलेली आपल्या गावात आपली म्हणून खपते. एक ओळ विसरली तर जागच्या जागी दुसरी बसवतात. आमच्या आखरावर पहिली झडती वर्षानुवर्षं मी म्हणत होतो. त्यातल्या कोणत्या माझ्या आणि कोणत्या लोकांच्या, हे मलाही सांगता येणार नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नातीनं प्रकल्पही झडतीसारखाच लिहिला होता. थोडं घरचं, थोडं फोनवरून उतरवलेलं, थोडं मैत्रिणीच्या भावाच्या जुन्या प्रकल्पातलं. फोनवरची पानं मॅडमनं बरोबर हुडकली आणि त्यांवर उभी रेघ मारली. तिनं ते आपलं म्हणून लिहिलं याला ती बाई चोरी म्हणते, असं नातीनं सांगितलं. मला त्याचं काही वाटलं नाही. पुढं मात्र एका पानावर मी थांबलो. तिथं माझ्या लेकाची झडती होती.

पाठीवर पंप, तोंडाले रुमाल,
अळी खाते बोंड अन् दलाल खाते माल.

खाली नातीनं लिहिलं होतं, ही झडती माझ्या वडिलांनी रचली. आणि समासात लाल शाई. कोण म्हणतं? ही तीन गावांत ऐकायला मिळते. आधार नसेल तर ‘कर्ता अज्ञात’ असं लिहावं.

“अज्ञात म्हंजे?”

“म्हणजे कोणाची ते माहीत नाही.”

“तुह्या बापाची हाय.”

“मले माहीत आहे ना, आबाजी. कागदाले माहीत नाही.”

आठ दिवसांत सगळं दुरुस्त करून द्यायचं होतं.

आता लेकाचं सांगावं लागेल. थोडक्यात सांगतो. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी बोंडाच्या आत. दर चार दिवसांनी फवारा. पोळ्याला लेकानं ही झडती म्हटली, पहिल्यांदाच, कारण मी आता तू म्हण असं म्हणालो होतो. पोळा झाला आणि त्याच महिन्यात फवारता फवारता तो कपाशीच्या दोन रांगांमधल्या तासातून बाहेर आला, पंप खाली ठेवला, म्हणाला डोळ्यांपुढं अंधार येऊन राह्यला. यवतमाळला नेलं. तिथून आणला तो चालत आला नाही.

मग पेनवाले आले. गाड्या करून आले, मोटरसायकलवर आले, काही पायी चौकशी करत आले. मास्क होता का? रुमाल होता. वारा कुठून होता? औषध कोणतं होतं? जेवला होता का? मी सगळ्यांना सांगितलं. प्रत्येकानं आपल्याला पाहिजे ते लिहिलं. एकानं त्याला मजूर लिहिलं. स्वतःच्या वावरात फवारून मेलेल्या माणसाला मजूर. सांगून सांगून शेवटी मी असं सांगायला लागलो जसं बसस्टँडवर गाड्या पुकारतात, दारव्हा, दिग्रस, पुसद. तोंड बोलायचं आणि मी बाजूला बसून राहायचो. तेव्हाच ठरवलं, हातात पेन असलेल्या माणसाशी बोलायचं नाही. रडू तेव्हाही आलं नाही, आताही येत नाही. सून म्हणते तुमच्या काळजाला घट्टा पडला. असेल. जेवणाला चव लागत नाही, पण जेवतो.

ती झडती मात्र फिरली. पुढच्या वर्षी आमच्या आखरावर म्हटली, त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या गावांत. एका गावात एक पोरगा ती आपली म्हणून सांगतो असं ऐकलं. पोळ्याला बैल कमी झाले, ट्रॅक्टर उभे करायला लागले, तरी ती झडती म्हणतात. मी म्हणत नाही. उभा राहतो.

“चाल,” मी नातीला म्हणालो, “तुह्या मॅडमले भेटतो.”

“भांडान तुमी.”

“भांडीन नाई तं काय. माह्या लेकाले अज्ञात म्हणते.”

सोमवारी पहिल्या गाडीनं गेलो. धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा. कॉलेजात पोरं माझ्याकडे पाहत होती, मीही त्यांच्याकडे पाहिलं. मॅडम माझ्या सुनेच्या वयाची निघाली. टेबलावर कागदांचे ढीग. तिनं उठून खुर्ची दिली, शिपायाला चहा सांगितला. चहा पाजून माणूस गार करायची रीत मला माहीत आहे. मी कप तसाच ठेवला.

“मी खोटं बोलतो असं वाटते का तुमाले?” मी उभ्यानंच विचारलं.

“नाही, आजोबा. बसा ना.”

“मंग कोन म्हणते, कोन म्हणते, हे काय लावलं? मी म्हनतो. माही जबान गावात चालते. माह्या शब्दावर लोकायनं बैलजोड्या नेल्या, मंग पैसे देले.”

“गावात चालते, कारण गाव तुम्हाला ओळखतं,” ती म्हणाली. “हा कागद गावात राहणार नाही. समजा, पन्नास वर्षांनी कुणी तरी मुंबईची मुलगी हा वाचेल. तिला तुम्ही कोण ते माहीत नाही, मी कोण ते माहीत नाही. तिनं का मानावं?”

“नसन मानत तं नको मानू.”

“मग तुमच्या मुलाची झडती तिच्यासाठी कुणाचीच नाही.”

मी बसलो.

तिनं पेन उघडलं. मी मनात म्हटलं, आता येणार, मास्क होता का. ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही कुठं उभे होता?”

इतक्या लोकांनी इतकं विचारलं, पण मी कुठं उभा होतो हे कोणी विचारलं नव्हतं.

“आखरावर. रांगेच्या शेवटी, आमच्या जोडीपाशी. तो पुढं होता, तोरणाखाली.”

“झडती तुम्ही स्वतः ऐकली?”

होय, असं ओठावर आलं होतं. म्हटलं असतं तर तिनं लिहून घेतलं असतं आणि आम्ही दुपारच्या गाडीनं परत आलो असतो. पण बाईनं घाई केली नाही. पेन धरून बसली. आणि मला तो आखर जसा होता तसा दिसला.

“पयली ओळ ऐकली,” मी म्हणालो. “मंग लोकं हासले. डफडं वाजलं. सारे माह्याकडे वळून पाहून हासत होते, लेकानं बापाचं नाव राखलं म्हणून. म्या मिशीले पीळ देला.”

“आणि दुसरी ओळ?”

“दुसरी हासण्यात बुडाली. ते मागून ऐकली, लोकायच्या तोंडून.”

नातीनं माझ्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. मलाही, असं म्हणायला हरकत नाही.

मॅडमनं दोन वेगळ्या जागी लिहिलं. “जेवढं ऐकलं तेवढं तुमच्या नावावर,” ती म्हणाली. “दुसरी ओळ ज्यानं कानानं ऐकली त्याला विचारा. तो कुठं उभा होता तेही विचारा. आणि तो वेगळं सांगत असेल तर वेगळं लिहा. जुळवून घेऊ नका.”

चहा गार झाला होता. तो मी पिऊन टाकला.

परत येताना नात खिडकीपाशी बसली होती. यवतमाळ मागं पडल्यावर म्हणाली, “बाबाच्या जवळ कोण उभं होतं?”

ते मला माहीत होतं आणि सांगायचं नव्हतं. लेकाच्या डाव्या हाताला आमच्या धुऱ्याचा शेजारी उभा होता. दोघांच्या वावरांमधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. त्या धुऱ्यावर एक बाभूळ होती. ती माझ्या बाजूला होती, त्यानं ती तोडली आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद. लेकाच्या मातीला तो आला होता, खांदा दिला, पण बोललो नव्हतो.

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही त्याच्या दारात गेलो. तो बैलांपुढं सरकीची ढेप टाकत होता. गावात आता ज्यांच्या दारात जोडी आहे अशांतला तो एक. मला पाहून त्यानं घमेलं खाली ठेवलं नाही.

“पाह्य वं, कोन आलं,” त्यानं घरात बायकोला आवाज दिला. मग मला म्हणाला, “बाभूळ तं कवाचीच चुलीत गेली गा. राख पाह्यजे काय?”

“राख ठेव तुले. पोरीचं काम हाय.”

“पोरीचं असन तं बस म्हनतो. तुले नाई म्हनलं, पोरीले म्हनलं.”

“मी उभाच बरा हाव.”

त्याच्या बायकोनं नातीला खाटेवर बसवलं, चहा मांडला. नातीनं वही काढली आणि मॅडमसारखंच विचारलं, “आबाजी, पोळ्याच्या त्या दिवशी तुमी कुठं उभे होते?”

“तुह्या बापाच्या डाव्या आंगाले. माह्या बैलाची येसन धरून. बैल बुजत होता डफड्याले.”

“त्याची झडती तुमी पूर्ण ऐकली?”

“पूर्न. कानाजवळच वरडला ना थो.”

“दुसरी ओळ काय होती?”

“दलालाची. साऱ्यायले पाठ हाय ते.”

“साऱ्यायले पाठ आहे ते नाही विचारत मी,” नात म्हणाली. “त्या दिवशी तुमच्या कानानं काय ऐकलं?”

तो घमेल्यातली ढेप हातानं फोडत राहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “तू जरासा भाईर जाऊन बस गा.”

“कायले?”

“जाय म्हनलं ना.”

“मी नाई जात. तुहं आंगन हाय म्हनून तुहा हुकूम हाय का माह्यावर?”

“नको जाऊ तं.” त्यानं घमेलं खाली ठेवलं. “पोरी, दलाल मंग घातला. गावानं घातला. तेरवी झाली, वर्स भरत आलं, पोळा आला. पोरायले तुह्या बापाची झडती म्हनाची होती. पन हा बुढा आखरावर उभा राह्यते ना. त्याच्या तोंडापुढं कोन म्हनन? मंग आमी चार जनं बसलो अन् दुसरी ओळ बदलली.”

“मूळची काय होती?”

घरातून त्याची बायको म्हणाली, “काय गरज हाय आता?”

“पोरगी इचारते तं खोटं सांगू काय?” त्यानं तिकडे तोंड करून म्हटलं. आणि मग, ओरडून नाही, बाजारात भाव सांगतात तेवढ्या आवाजात तो म्हणाला,

“पाठीवर पंप, तोंडाले रुमाल,
बुढा बसला धुऱ्यावर, म्हणते लवकर चाल.”

हर हर महादेव कोणी म्हटलं नाही. बैल ढेप खात होते. नातीचं पेन वहीवर टेकलेलं होतं आणि चालत नव्हतं.

मला काय वाटलं, असं नातीनं नंतर विचारलं. काही वाटलं नाही. मी एवढंच पाहिलं की हे जुळतं. लोक दलालाला शिव्या देतात, त्याच्यावर एवढे हसत नाहीत. आणि दलालावर हसताना माझ्याकडे कशाला पाहतील? लवकर चाल हे मी म्हणत होतो. सगळेच म्हणतात. पंपवाला रेंगाळला तर एका तासाला औषध जास्त होतं आणि पुढचं तास कोरडं राहतं. हे तेव्हा बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. त्या दिवशी आखरावर त्याची गंमत होती, बापाची गंमत लेकानं नाही करायची तर कोणी करायची? मीही माझ्या बापावर केली होती आणि तोही हसला होता. मी ऐकली असती तर मीही हसलो असतो. मिशीला पीळ तर दिलाच होता.

शेजाऱ्याच्या बायकोनं मला चहा दिला. मी उभ्यानं घेतला. निघताना तो म्हणाला, “तुले वाईट वाटन म्हनून बदलली गा.”

“इचारलं होतं का मले?”

“नाई.”

“मंग?”

त्यानं घमेलं उचललं. एवढंच आमचं बोलणं. पण इतक्या वर्षांनी झालं.

रस्त्यात नात म्हणाली, “मी नाही लिहीत हे.”

“काहून?”

“काहून म्हणजे? लोक वाचतील. मॅडम वाचेल. दलालाचीच ठेवते आन् खाली अज्ञात लिहून देते. तसंही चालते, मॅडमनंच म्हटलं.”

“दलालाची तुह्या बापाची नाई,” मी म्हणालो. “ते चौघायची हाय. ते त्यायच्या नावानं लिही. तुह्या बापानं जे म्हनलं ते तुह्या बापाच्या नावानं.”

“आबाजी, त्यात तुमी आहा.”

“मले दिसते मी कुठं हाव ते.”

“आई काय म्हणन?”

“तुह्या मायले मी सांगतो.”

“पाहा बरं. एकदा दिलं की परत घेता येत नाही.”

“अज्ञात लिहिशील तं माह्या खाटेवर कागद नको आनू पुन्हा.”

ती रागानं पुढं चालत गेली. मी माझ्या चालीनं मागून आलो.

रात्री जेवताना सुनेला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, भाकर माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, “मले माहीत होतं. घरी म्हणून दाखवली होती त्यायनं, पोळ्याच्या आदल्या दिवशी.” इतकी वर्षं तीही बोलली नव्हती. मी जेवलो.

नात त्या आठवड्यात परत गेली नाही, घरीच लिहीत बसली. फोनवरचं सगळं काढलं. जे राहिलं त्याच्यापुढं लिहिलं, कोणी सांगितलं, तो कुठं उभा होता, त्यानं स्वतः ऐकलं की दुसऱ्याकडून. आईचंही लिहिलं. प्रकल्प अर्धा झाला. मी विचारलं, एवढासा झाला, चालते का? ती म्हणाली, चालते, जेवढं माहीत तेवढंच.

रविवारी तिनं ते पान मला दिलं. मी अक्षर लावत वाचलं. वर दोन्ही झडत्या, एकीखाली एक. पहिल्या ओळीला माझा आधार. ‘रचणाऱ्याच्या वडिलांनी पहिली ओळ ऐकली, दुसरी ऐकली नाही,’ असं स्वच्छ लिहिलेलं. दुसऱ्या ओळीला शेजाऱ्याचा आणि सुनेचा आधार. दलालाच्या ओळीपुढं, गावातल्या चौघांनी नंतर बसवलेली. अज्ञात कुठंच नव्हतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. ‘बुढा, म्हणजे रचणाऱ्याचे वडील. फवारणी चालू असताना ते धुऱ्यावर बसत.’

“कोन म्हणते?” मी विचारलं.

“काय?”

“हे. धुऱ्यावर बसत. कोन म्हणते?”

“झडतीतच आहे ना, आबाजी.”

“झडतीत यमक पाह्यजे म्हनून घातलं त्यानं. मी बसत नव्हतो. बसलं तं थो दिसत नव्हता, पऱ्हाटी डोक्याच्या वर होती. पंपाची नळी तेवढी हालताना दिसे.”

तिनं पेन काढलं. “मग काय लिहू?”

“लिही, बाप म्हणते, मी बसलो नव्हतो. उभा होतो, त्याच्याकडे पाहत.”

तिनं लिहिलं. मग वाचून दाखवलं. मी म्हणालो, बरोबर आहे. सोमवारी सकाळच्या गाडीनं ती यवतमाळला गेली.